कुलूपसर

सरांच्या पिशवीत सहा कुलपं असायची आणि सहाही उघडी. जाड खाकी कापडाची पिशवी, खांद्याला अडकवलेली. सर चालायला लागले की ती वाजायची. वर्गात गोंधळ चालू असला तरी तो आवाज जिन्यावर आला की आम्ही गप्प बसायचो. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडच्या पोरांनी त्यांचं नाव कुलूपसर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

एकदा किन्हवलीच्या स्टँडवर एका म्हातारीने त्यांना विचारलं, "कुलुप केवढ्याला रे?" सर म्हणाले, "फुकट घ्या आजी. फक्त चावी माझ्याकडं राहील." म्हातारी भडकली. "मंग त्या कुलपाचा काय करू, गळ्यात घालू?" हा किस्सा सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आजीचा प्रश्न एकदम बरोबर होता. त्याचं उत्तर म्हणजे आजची गुप्तलेखनविद्या." मग उत्तर द्यायचे. उघडं कुलूप गावभर वाटा. ज्याला तुम्हाला काही गुपित पाठवायचं असेल त्यानं ते डब्यात घालावं आणि तुमचं कुलूप दाबून लावावं. लावायला चावी लागत नाही. उघडायला लागते, आणि ती तुमच्या घरात खुंटीवर आहे. बँका, लष्कर, सगळे आता असंच करतात, फक्त त्यांची कुलपं लोखंडाची नसतात, आकड्यांची असतात.

सर पदार्थविज्ञान शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचंच मानधन. सुट्टीचं नाही, परीक्षेच्या दिवसांचं नाही, आजारी पडलं तरी नाही. मार्चमध्ये नेमणूक संपायची आणि जुलैत परत अर्ज करायचा. सकाळी शहापूरच्या कॉलेजात, दुपारी मुरबाडला. मधे किन्हवली-सरळगाव रस्त्याने जीप, बहुतेक वेळा मागे लोंबकळून. वर्गात आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "बसा. मी पण बसतो जरा." खुर्चीत बसून दोन मिनिटं डोळे मिटायचे. आम्ही थांबायचो. मग डोळे उघडून म्हणायचे, "थकलोय. पण तास घेऊ."

मी मुरबाडच्या वर्गात होते. आमचं घर आणि भावकी धरून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं. बाप भातशेतीतला. त्याला मी काय शिकते ते कळत नव्हतं, पण "सायन्स" हा शब्द तो गावात दोनदा जास्त बोलायचा. मला स्वतःला तरी कुठे कळत होतं? इंग्रजी पुस्तक उघडलं की डोकं दुखायचं. कुलूपसरांनी मला पहिल्यांदा पटवलं की ह्या गोष्टी आमच्या बोलीत सांगता येतात आणि सांगितल्या म्हणून लहान होत नाहीत.

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. दोन कड्या असलेली, म्हणजे दोन कुलपं लागतील अशी. शहापूरच्या पोरांनी तिच्यात काहीतरी घालायचं आणि आपलं कुलूप लावून ती सरांबरोबर मुरबाडला पाठवायची. चावी पाठवायची नाही. आम्ही काय करायचं? आम्ही आमचं कुलूप दुसऱ्या कडीला लावायचं आणि पेटी परत पाठवायची. त्यांनी त्यांचं कुलूप काढायचं आणि पुन्हा आमच्याकडे. आता पेटीला फक्त आमचं कुलूप. उघडा. कुणाची चावी कुणाला दिली नाही, तरी वस्तू पोचली. "आणि मधला चोर मी," सर म्हणायचे. चोराचं काम ते मनापासून करायचे. पेटी हलवून बघायचे, वास घ्यायचे. एकदा शहापूरच्या पोरींनी जांभळं पाठवली. मधे रविवार आला. तीन फेऱ्या होईपर्यंत पेटीच्या तळाशी जांभळाचा रस आणि सरांच्या शर्टावर डाग. "चोर सापडला!" पोरं ओरडली. सर शर्टाकडे बघून म्हणाले, "आता घरी काय सांगू ते सांगा पहिलं."

घरी म्हणजे काकू, सरांची बायको. शहापूरला दोन खोल्यांचं भाड्याचं घर. काकू शिवणकाम करायच्या आणि सडेतोड बोलायच्या. आम्ही शंका विचारायला गेलो की चहा देताना म्हणायच्या, "तुमचे सर जगाची कुलपा उघडतात, आमच्या मोरीचा नळ नाय दुरुस्त होत त्यांच्याकडनं." सर हसायचे आणि पुढे शिकवायचे.

आकड्यांचं कुलूप म्हणजे काय हे त्यांनी एका तासात दाखवलं. फळ्यावर लिहिलं, ८६३३. "ही संख्या मी दोन मूळ संख्यांचा गुणाकार करून काढली. गुणाकाराला मला अर्धं मिनिट लागलं. तुम्ही त्या दोन शोधा." स्वतः खुर्चीत बसले आणि बहुतेक झोपले. आम्ही सातने भाग, अकराने भाग, तेराने भाग, वहीची पानंच्या पानं. घंटा व्हायला थोडा वेळ असताना मला सापडलं, एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव. मी ओरडलेच. सर जागे होऊन म्हणाले, "शाब्बास बाय. बघ, लावायला अर्धं मिनिट, उघडायला अख्खा तास. आकडा तीनशे-चारशे अंकी केला तर जगातले सगळे संगणक म्हातारे होतील तरी उघडणार नाही. ह्या एवढ्या फरकावर सगळ्या बँका निवांत झोपतात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक नवीन यंत्र येऊ घातलंय, जे त्यांची झोप उडवणार आहे."

नव्वदीची शेवटची वर्षं होती. कॉलेजात एकच संगणक होता. तो पडद्याआड, चपला बाहेर काढून बघायचा, हात लावायचा नाही. आणि आमचे सर शिकवत होते क्वांटम संगणक. अभ्यासक्रमात त्याचा मागमूस नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते मुंबईला कुठल्याशा लायब्ररीत जाऊन लेख झेरॉक्स करून आणायचे आणि तासाची शेवटची दहा मिनिटं त्याला द्यायचे. ती दहा मिनिटं त्यांच्या मानधनात धरलेली नव्हती.

साधा संगणक म्हणजे दिवा, ते सांगायचे. लागलेला किंवा विझलेला. एक किंवा शून्य. क्वांटमची जी वस्तू आहे, क्युबिट, ती मात्र बघेपर्यंत ह्यातलं एकच काही नसते. एक आणि शून्य दोन्हींचं मिश्रण असते, आणि बघितलं की दोहोंपैकी एक होऊन बसते. आमच्यातला एक हुशार म्हणाला, "म्हंजे सर, सगळी उत्तरा एकाच टायमाला तपासायची आणि बरोबर ते उचलायचा." सर खेकसले. "नाय! असं मासिकात लिहितात, ते आळशी लोक. उचलणार कसं? बघितलंस की कुठलंतरी एकच हाती येणार, तेही बहुधा चुकीचं." कॉलेजच्या कुंपणापलीकडे भाताचं खाचर पाण्याने भरलेलं होतं. त्यांनी आम्हाला बांधावर नेलं आणि दोन खडे थोड्या अंतरावर टाकले. लाटा पसरल्या, एकमेकींत घुसल्या. काही ठिकाणी पाणी जास्त उसळलं, काही ठिकाणी जागच्या जागी राहिलं. "बघा. जिथं एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा भेटला तिथं दोघी मेल्या. क्वांटम यंत्रात उत्तरांच्या अशा लाटा असतात. कसब हे, की चुकीच्या उत्तरांनी एकमेकांना मारावं आणि बरोबर उत्तराची लाट उसळावी. मग बघायचं." शेताचा मालक लांबून ओरडला, "ओ मास्तर, खडे काय टाकताव माज्या आवणात? पायाला लागतील ना!" सर पँट वर करून खाचरात उतरले आणि दोन्ही खडे शोधून काढले.

पण माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते म्हसा गावच्या जत्रेतलं. जत्रेच्या आठवड्यात वर्गात कोणी येत नसे. तास झाला नाही तर सरांचं मानधन नाही, म्हणून ते जे पाच जण भेटले त्यांना घेऊन जत्रेतच तास घ्यायला गेले. बैलबाजारात त्यांचे वडील बसलेले होते. ते जन्मभर बैलांचे दलाल. आता वय झालं होतं, पण डोक्याचा रुमाल अजून कडक. गिऱ्हाईक आलं की तो रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचे आणि त्याखाली बोटं दाबून भाव करायचे. आकडा शेकड्यात धरायचा की हजारात, एवढंच तोंडाने बोलायचं. बाकी बोटं. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. सौदा खरा करायचा असला की मनगट धरतात आणि समोरचा हो किंवा नाही करेपर्यंत सोडत नाहीत. मान्य असेल तर उलट दाबायचं, नसेल तर हात काढून घ्यायचा. रुमाल मात्र मधेच उचलायचा नाही. उचलला तर सौदा मेला आणि वर अपमान झाला तो वेगळा.

सर आम्हाला म्हणाले, "चोर कितीही हुशार असला तरी त्याला रुमाल उचलावाच लागणार. उचलला की सौदा मोडणार आणि दोघांना कळणार की कुणीतरी बघितलं. क्वांटमचं गुप्तलेखन असंच चालतं. प्रकाशाच्या एकेका कणावर निरोप पाठवायचा. मधे कुणी डोकावला की तो कण बिघडतो, आणि डोकावल्याची खूण राहते."

म्हातारबा हे ऐकत होते. म्हणाले, "काय रे, एवढा शिकलास नं पोरांना दलालीच शिकवतोस?"

"तुमच्यापेक्षा जरा वेगळी हाय बा," सर म्हणाले, आणि आमच्याकडे वळून लगेच दुरुस्ती केली. ही त्यांची सवयच होती. उपमा दिली की ती कुठे लंगडी पडते तेही सांगायचं. "बाच्या रुमालाखाली किती बोटं आहेत ते आधीच ठरलेलं असतं. फक्त आपल्याला दिसत नाही. क्वांटममध्ये तसं नाही. तिथं बघेपर्यंत ठरलेलंच नसतं. हा फरक विसरलात तर माझा तास फुकट गेला."

मी पदवीधर झाले आणि त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. सर अजून तासिकेवरच होते. दर जुलैला अर्ज, दर मार्चला रजा. कायम प्राध्यापक व्हायला लागणारी सेटची परीक्षा ते तिसऱ्या खेपेला पास झाले होते. केस पांढरे व्हायला लागले होते. अशातच तालुक्याबाहेरच्या एका संस्थेच्या कॉलेजात कायम पदाची जाहिरात आली. संस्थेचं नाव लिहीत नाही. वयाच्या हिशेबाने ही सरांची बहुतेक शेवटची संधी होती. तेही तसंच म्हणाले. "हे झालं तर झालं बाय. नाय तर मी असाच जीपच्या मागं लोंबकळणार."

मुलाखतीत नमुन्याचा एक पाठ घ्यायचा होता. सरांनी विषय निवडला क्वांटम आणि गुप्तलेखन. मी म्हटलं, "सर, साधं काहीतरी घ्या, भिंग घ्या, लोलक घ्या." ते म्हणाले, "भिंग सगळेच घेतील." प्रयोगाचं सामान धरायला मला बरोबर नेलं. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरांच्या काचेवरून सोललेल्या पारदर्शक पट्ट्या होत्या. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्याउभ्या धरल्या की प्रकाश अडायचा, आणि मधे तिसरी तिरपी घातली की पुन्हा यायचा. मधे नुसतं डोकावण्यानेही प्रकाश बदलतो, हे दाखवायला.

पाठ सुरेख झाला. विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मी मागच्या बाकावर बसून पाहत होते आणि मनात म्हणत होते, झालं, सरांचं झालं. मग सरांनी रुमाल काढला. समितीच्या मधोमध संस्थेचे अध्यक्ष बसले होते. ते बैलांचे शौकीन, दर वर्षी म्हशाला येणारे. सर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, आपण जाणकार आहात. जरा हात देता का?"

अध्यक्ष खूश झाले. "अरे वा, आमचाच धंदा!" त्यांनी बाही मागे सारली आणि रुमालाखाली हात घातला. "आकडा कशात धरायचा मास्तर? लाखात धरू." सगळे हसले. सरही हसले.

मग सरांचा चेहरा बदलला. मी मागे होते तरी मला दिसलं. हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. अध्यक्ष छताकडे बघत होते. दोन्ही हात रुमालाखालीच होते. बराच वेळ गेला असं वाटलं. मग सरांनी मोकळ्या डाव्या हाताने रुमालाचं टोक धरलं आणि उचललं.

अध्यक्षांनी सरांचं मनगट पकडलेलं होतं, आणि त्यावर त्यांची तीन बोटं अजून दाबलेली होती.

"हे बघा," सर शांतपणे म्हणाले. "निरीक्षण झालं की व्यवहार मोडतो." अध्यक्षांनी हात मागे घेतला. "छान, छान शिकवता," ते म्हणाले. तज्ज्ञ समोरचे कागद सारखे करायला लागले. शिपायाने पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.

स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसलो तेव्हा सरांनी मला सांगितलं. तीन. मनगट धरून, म्हणजे गंमत नव्हे. मला रडायला येत होतं आणि रागही आला. मी म्हटलं, "सर, हात नुसता काढून घ्यायचा होतात. रुमाल कशाला उचललात? पुढच्या वेळी तरी बोलावलं असतं."

"हो, बाने तसंच केलं असतं," ते म्हणाले. "पण मी तिथं शिकवत होतो बाय."

मी म्हटलं, "आणि तो पाठ? तज्ज्ञांना तर आवडला होता."

"तो रुमाल क्वांटमचा नव्हता. म्हशाचाच होता. आकडा आधीच ठरलेला होता." मग बाकावर मागे टेकून डोळे मिटून म्हणाले, "काकूला यातलं काय बोलायचं नाय. ती दागिने काढून पुढं ठेवील, आणि मी नाय म्हणालो तर जन्मभर तिला वाटत राहील, की दिलं असतं तर झालं असतं. मी सांगेन, दुसरा पोरगा माझ्यापेक्षा हुशार होता. तू पण तेच म्हण."

मी सरळ बोलणारी बाई आहे, खोटं माझ्या तोंडात बसत नाही. पण मी हो म्हटलं.

त्यानंतर सरांनी आणखी काही वर्षं तास घेतले. पोरं संगणकाच्या कोर्सकडे वळली आणि पदार्थविज्ञानाला तीन-चारच उरली. एका जुलैत सरांचा अर्ज तसाच परत आला. मग त्यांनी शहापूरला एका संगणक वर्गात पोरांना टायपिंग शिकवायला सुरुवात केली. मी एकदा तिथं गेले तर ते एका मुलीला म्हणत होते, "पासवर्ड स्वतःच्या नावाचा ठेवतात का गो?" मला बघून हसले. खूप दमलेले दिसले. मी विचारलं, "ते यंत्र झालं का हो सर, बँकांची झोप उडवणारं?" ते म्हणाले, "पंधराचे तुकडे केले म्हणे त्यानं, तीन आणि पाच. एवढी मोठी प्रयोगशाळा आणि उत्तर चौथीतल्या पोराचं. पण होईल. वेळ लागेल. मी नाय बघणार, तू बघशील."

सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. हृदयाचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडे गेले. शिलाई मशीनवर कापड तसंच अर्धवट होतं. काकू बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू होतीस ना गो त्या मुलाखतीला? मला खरा सांग. तो दुसरा पोरगा ह्यांच्यापेक्षा चांगला शिकवत होता?"

मी दुसऱ्या पोराचा पाठ ऐकलासुद्धा नव्हता. सरांना दिलेला शब्द मला आठवत होता. पण काकूंनी मान वर करून थेट डोळ्यांत बघितलं, आणि मला हो म्हणता आलं नाही.

"नाय काकू," मी म्हटलं. "सरांपेक्षा चांगला कोणीच शिकवत नव्हता. त्यांच्याकडं तीन लाख मागितले. त्यांनी रुमाल उचलला."

काकूंनी मशीनवरचं कापड काढून त्याची घडी घातली. रडल्या नाहीत. मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. सरांचा चष्मा आणि पुस्तक तिथंच होतं.

"आणि मी सगळी वर्सा त्यांना सांजच्याला अभ्यासाला बसवत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, त्या पोरापेक्षा हुशार व्हा, पुढल्या टायमाला तुमचाच नंबर लागंल. आणि ते बसायचे गो. गपचीप बसायचे."